जाफना १९८७: सह्या दोघांच्या, बंदुका तिसऱ्याच्या

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवसापासून भारतीय सैनिकांना घेऊन येणारी विमानं जाफन्याजवळच्या पलाली धावपट्टीवर उतरू लागली. त्याच दिवशी कोलंबोत मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता राजीव गांधींवर उगारला. ते थोडक्यात बचावले. शेवटची भारतीय तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमाली बंदरातून निघाली. मधल्या बत्तीस महिन्यांत सुमारे १,२०० भारतीय जवान आणि अधिकारी मारले गेले, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले. ज्या लिट्टे (लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम) या तमिळ बंडखोर संघटनेला नि:शस्त्र करायला ही फौज गेली होती, ती संघटना मार्च १९९० मध्ये आधीपेक्षा जास्त ताकदवान होती.

परदेशात इतकी मोठी फौज इतका काळ ठेवण्याची वेळ भारतावर पुन्हा आलेली नाही. ऐन भरात असताना चार डिव्हिजन, म्हणजे सत्तर ते ऐंशी हजार माणसं बेटावर होती. या मोहिमेकडे जवानांचं शौर्य आणि राजकारण्यांची चूक एवढ्याच चष्म्यातून पाहिलं, तर हाती फारसं काही लागत नाही. फौज कोणाच्या संमतीने उतरली, नेमक्या कोणत्या कामासाठी आणि कोणत्या टप्प्यावर परत यायचं, हे कागदावर नीट ठरलेलं नव्हतं. रणांगणावर पुढे जे बिघडलं, त्यातलं बरंचसं तिथूनच सुरू होतं.

इथपर्यंत कसं आलं

१९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळांचा असंतोष संघटित होऊ लागला. २३ जुलै १९८३ रोजी जाफन्यात तमिळ बंडखोरांनी १३ सैनिकांना घात लावून मारलं. त्यानंतर कोलंबोसह दक्षिणेत तमिळांच्या कत्तली झाल्या आणि निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत आले. त्याच सुमाराला भारताच्या गुप्तचर यंत्रणेने तमिळ गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं द्यायला सुरुवात केली. वेगळा देश निर्माण व्हावा असं दिल्लीला वाटत नव्हतं. कोलंबोवर दबाव राहावा आणि वाटाघाटीची सूत्रं आपल्याकडे असावीत, हा हिशेब होता. पण बंदूक हातात आलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. १९८५ च्या थिंफूतल्या वाटाघाटी फसल्या. १९८६ मध्ये प्रभाकरनच्या लिट्टेने टेलो या प्रतिस्पर्धी तमिळ गटाचा नेत्यासकट फडशा पाडला. तमिळांचा एकमेव सशस्त्र प्रतिनिधी होण्याच्या दिशेने लिट्टेचं ते पहिलं मोठं पाऊल होतं, आणि दिल्लीने ते पुरेशा गांभीर्याने घेतलं नाही.

मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्ची भागावर मोठा हल्ला चढवला. भारताने मदतसामग्री घेऊन बोटी पाठवल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने परत फिरवल्या. मग ४ जून १९८७ रोजी पाच एएन-३२ विमानांनी मिराज-२००० विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर सुमारे २५ टन सामग्री टाकली. लष्करीदृष्ट्या ही किरकोळ गोष्ट होती. तिचा अर्थ मात्र जयवर्धन्यांना कळला: जाफना घेऊ देणार नाही, असं भारत सांगत होता. करार त्या दबावाखाली झाला. मनातून न पटलेल्या माणसाने केलेली सही किती टिकेल, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

कागदावर काय लिहिलं होतं

करारानुसार ४८ तासांत युद्धबंदी लागू होणार होती आणि त्यापुढच्या ७२ तासांत तमिळ गट शस्त्रं खाली ठेवणार होते. श्रीलंकेचं सैन्य २५ मे १९८७ रोजी जिथे होतं त्या छावण्यांत परतणार होतं. उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र होणार, पूर्वेत ३१ डिसेंबर १९८८ पर्यंत सार्वमत घेतलं जाणार, प्रांतिक परिषदा येणार, तमिळला राजभाषेचा दर्जा मिळणार, असं बाकीचं होतं. सोबतच्या पत्रव्यवहारात त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताविरुद्ध कोणाला वापरू न देण्याची आणि तिथल्या तेलटाक्या संयुक्तपणे चालवण्याची बोलणी होती. भारताचा खरा जीव कशात अडकला होता, ते या पत्रांवरून कळतं.

सैन्याचा उल्लेख परिशिष्टात आहे. लढाई थांबल्याची हमी देण्यासाठी आणि गरज पडल्यास ती अंमलात आणण्यासाठी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतात, असं ते कलम सांगतं. यात दोन कामं आहेत आणि दोन्हींसाठी लागणारी फौज वेगळी असते. हमी देणारी फौज दोन्ही बाजूंच्या संमतीने मध्ये उभी राहते. तिला जीप, निरीक्षण चौक्या आणि दुभाषे लागतात. अंमलबजावणी करणारी फौज लढते. तिला तोफा, रणगाडे, नकाशे, शत्रूची माहिती आणि राखीव पलटणी लागतात. पहिली गेली आणि दहा आठवड्यांनी तिला दुसऱ्याचं काम सांगितलं गेलं.

करारावर सही करणारी दोन सरकारं होती. शस्त्रं ज्याने खाली ठेवायची होती तो तिसराच. प्रभाकरनला सह्यांच्या आधी दिल्लीला आणून अशोक हॉटेलात ठेवलं होतं आणि त्याचं मन वळवण्याचा प्रयत्न झाला. त्याने काही मान्य केलं, काही नाही, आणि लेखी काहीच दिलं नाही. ४ ऑगस्टला जाफन्याजवळ सुदुमलाई इथल्या सभेत त्याने सांगितलं, की भारतासारख्या मोठ्या सत्तेपुढे आपला इलाज नाही. शस्त्रं देतो आहोत म्हणजे तमिळांच्या रक्षणाची जबाबदारी भारताकडे सोपवतो आहोत. तमिळ ईलम, म्हणजे तमिळांचा वेगळा देश, हेच उद्दिष्ट राहील, हेही तो बोलला. दुसऱ्या दिवशी पलालीत योगी नावाच्या नेत्याने टेबलावर एक पिस्तूल ठेवलं आणि छायाचित्रं निघाली. त्यानंतरच्या दिवसांत थोडीफार, बहुतांश जुनाट शस्त्रं जमा झाली आणि ओघ आटला. ७२ तास उलटल्यावर काय करायचं, याचं उत्तर करारात नव्हतं.

पहिले दहा आठवडे

मेजर जनरल हरकिरतसिंग यांच्या ५४ इन्फन्ट्री डिव्हिजनला अगदी थोड्या तासांच्या सूचनेवर उचललं गेलं. एकूण सूत्रं लेफ्टनंट जनरल दीपिंदरसिंग यांच्याकडे होती. ते पुण्यातल्या दक्षिण कमांडचे प्रमुख होते आणि मोहिमेसाठी त्यांचं पुढचं मुख्यालय मद्रासला उघडलं. पलटणी मंजूर संख्येपेक्षा बऱ्याच कमी माणसांनिशी उतरल्या, कारण रजेवरचे आणि प्रशिक्षणावर गेलेले परत बोलवायला वेळच नव्हता. जड शस्त्रं मागे राहिली. नकाशे जुने होते. तमिळ बोलू शकणारे दुभाषे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सुरुवातीला जाफन्यातल्या लोकांनी जवानांच्या गळ्यात हार घातले, त्यामुळे या उणिवा कोणाला बोचल्या नाहीत.

बिघाड सप्टेंबरात सुरू झाला. लिट्टेचा तिलीपन हा कार्यकर्ता १५ सप्टेंबरला जाफन्यातल्या नल्लूर मंदिरापाशी पाच मागण्यांसाठी उपोषणाला बसला. पाणीही घेत नव्हता. २६ तारखेला तो मेला. ज्या लोकांनी हार घातले होते, ते आता भारतीय चौक्यांपुढे घोषणा देऊ लागले. पाठोपाठ ३ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेची एक बोट पकडली. त्यात १७ जण होते आणि कुमारप्पा व पुलेंद्रन हे दोन मोठे कमांडर त्यांत होते. त्यांना पलालीत ठेवलं होतं. चौकशीसाठी त्यांना कोलंबोला न्यायचंच, असा श्रीलंकेच्या सरकारचा हट्ट होता. भेटायला आलेल्यांनी सायनाइडच्या कुप्या आत पोचवल्या. ५ ऑक्टोबरला विमानात बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या चावल्या. बारा जण मेले.

पलालीच्या परिसरात भारतीय फौज होती, पण कैदी श्रीलंकेच्या ताब्यात होते. ते कोणाचे, हे करारात कुठेच नव्हतं. करारातली माफी त्यांना लागू होते का, शस्त्रं घेऊन समुद्रात फिरणं हा युद्धबंदीचा भंग आहे का, ताबा कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरं एका परिच्छेदात मावली असती. तो परिच्छेद कोणी लिहिला नव्हता. त्याच रात्रीपासून लिट्टेने आपल्या ताब्यातल्या आठ श्रीलंकन सैनिकांना ठार केलं आणि पूर्वेकडच्या सिंहली नागरिकांच्या कत्तली केल्या. जयवर्धन्यांनी दिल्लीला विचारलं: हमी तुमची, मग आता काय करता? पुढच्या चार-पाच दिवसांत लिट्टेला बळाने नि:शस्त्र करायचा निर्णय झाला. या मोहिमेचं नाव ऑपरेशन पवन. सेनाप्रमुख जनरल सुंदरजी यांना हे काम थोड्या काळात उरकेल असं वाटत होतं. दीपिंदरसिंग यांनी पुढे सांगितलं, की या वाटेने गेलो तर कित्येक वर्षांच्या बंडखोरीत अडकू, असा इशारा त्यांनी दिला होता.

ऑपरेशन पवन: ११ ऑक्टोबरची रात्र

लिट्टेचे प्रमुख नेते जाफना विद्यापीठाजवळ कोकुविल भागात एकत्र येणार असल्याची खबर होती. योजना अशी की १० पॅरा कमांडोची सुमारे शंभर माणसं विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर एमआय-८ हेलिकॉप्टरमधून उतरतील आणि नेत्यांना पकडतील. त्यांच्यामागून १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या कंपन्या उतरून मैदान धरून ठेवतील, आणि जमिनीवरून येणारी फौज त्यांना गाठेल.

एमआय-८ एका खेपेत वीसेक सशस्त्र जवान नेतं. म्हणजे तीनशे-चारशे माणसं उतरवायला त्याच मैदानावर, त्याच दिशेने, पुन्हा पुन्हा यावं लागणार. पहिली खेप अचानक येते, तिसरीची वाट पाहत लोक बसलेले असतात. इथे तर पहिलीचीही पाहत होते. लिट्टेकडे चांगले जपानी रेडिओ संच होते आणि भारतीय संदेश ते ऐकत होते. मैदानाभोवती दुमजली-तिमजली इमारती. त्यांच्या खिडक्यांत मशीनगन लागल्या.

कमांडो उतरले. त्यांच्यामागून शीख लाइट इन्फन्ट्रीची मेजर बीरेंद्रसिंग यांच्या नेतृत्वाखालची पहिली तीस माणसं उतरली. तोवर हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या होत्या, की पुढच्या खेपा बंद कराव्या लागल्या. तीस माणसं मैदानावर आणि त्यांची उरलेली पलटण पलालीत, अशी अवस्था झाली. त्यांचा रेडिओ ऑपरेटर सुरुवातीलाच पडला आणि संपर्क तुटला. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते लढले. गोळ्या संपल्यावर शेवटच्या तिघांनी संगिनी लावून धाव घेतली. तिसांपैकी एकोणतीस मारले गेले, एक शिपाई पकडला गेला, आणि तिथे काय झालं ते त्याच्याकडूनच कळलं. कमांडोंचं पथक प्रभाकरनच्या घराच्या शोधात गल्ल्यांत शिरलं आणि वेढलं गेलं. त्यांचे सहा जण पडले. रस्त्यांवर सुरुंग होते म्हणून मेजर अनिल कौल यांनी टी-७२ रणगाडे रेल्वेच्या रुळांवरून नेले आणि पथकाला बाहेर काढलं.

योजनेतला दोष धाडसाचा नव्हता. एका खबरीवर सगळं उभं होतं, उतरायची जागा एकच होती, दुसऱ्या जागेचा विचार नव्हता, आणि वस्ती दाट म्हणून तोफखान्याचा आधार आधीच नाकारला होता. शिवाय जमिनीवरची फौज ठरल्या वेळेत पोचेल हे गृहीत धरलं होतं. पलाली ते जाफना शहर हे अंतर सोळा-सतरा किलोमीटर. ते कापायला पाच ब्रिगेडना मिळून दोन आठवड्यांच्या वर लागले.

सोळा किलोमीटरला दोन आठवडे का

जाफना द्वीपकल्प सपाट आहे. ताडाची झाडं, लाल माती, घराघराला विहीर आणि दगडी किंवा झावळ्यांचं कुंपण, आणि त्या कुंपणांच्या मधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. गल्लीत समोरचं तीस-चाळीस मीटरपलीकडे दिसत नाही. भारतीय जवानाच्या हातात ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल होती: चार किलोंहून जड, वीस गोळ्यांचं मॅगझिन, प्रत्येक गोळीला घोडा दाबायचा. पंजाबच्या मोकळ्या शेतात ती उत्तम. गल्लीत समोर एके-४७ असते, तीस गोळ्यांची आणि सलग सुटणारी, तेव्हा पहिल्या पाच सेकंदांत निकाल लागतो. पुढच्या काही वर्षांत सैन्याने पूर्व युरोपातून एके जातीच्या रायफली विकत घेतल्या, त्यात या अनुभवाचा मोठा वाटा होता.

खरं नुकसान सुरुंगांनी केलं. स्फोटकं प्लास्टिकच्या डब्यांत भरलेली, त्यामुळे धातुशोधक यंत्र गप्प. डांबर न फोडता रस्त्याच्या कडेने आडवं खणून ती खाली सरकवलेली, म्हणून वरून काही कळत नाही. तार शेतातून लांब नेलेली, आणि स्फोट घडवणारा माणूस कुंपणाआड बसून कोणतं वाहन उडवायचं ते निवडतो. एकेक सुरुंग इतका मोठा, की टी-७२ सारखा एकेचाळीस टनी रणगाडाही निकामी व्हायचा. पायदळाचं चिलखती बीएमपी वाहन तर उलटंपालटं होऊन पडायचं. म्हणून पलटणी रस्ता सोडून शेतांतून, परसांतून, भिंती फोडत पुढे गेल्या. जखमींना मागे आणणं त्यामुळे अवघड झालं, कारण रुग्णवाहिकेला रस्ताच हवा.

दोनशेहून अधिक जवान गमावून ऑक्टोबरच्या अखेरीस जाफना हाती आलं. प्रभाकरन आणि त्याची मुख्य माणसं तोवर खाडीपलीकडे वन्नीच्या जंगलात निघून गेली होती. शहर घेणं हे उद्दिष्ट असेल तर ते साध्य झालं. पण उद्दिष्ट शस्त्रं काढून घेण्याचं होतं, आणि शस्त्रं चालत निघून गेली.

नागरिकांनी जे सोसलं ते या हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, भारतीय सैनिक जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले. रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी मिळून साठहून अधिक माणसं मारली गेली. आतून गोळीबार झाला आणि चकमकीत ती सापडली, असं सैन्याचं म्हणणं. शरण येत असलेल्यांना मारलं, असं वाचलेल्यांचं. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुराई इथे आपले जवान मारले गेल्यानंतर सैनिकांनी पन्नासहून अधिक नागरिकांना मारलं. ज्यांच्या रक्षणासाठी फौज आली, त्यांच्यातलीच पोरं पुढे लिट्टेत भरती झाली. यात गूढ काही नाही.

जंगल आणि रस्ते

यानंतरची दोन वर्षं म्हणजे रोजचा रस्ता उघडणं. पहाटे पायदळाची दोन पथकं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, रस्त्यापासून काही अंतर राखून चालत निघतात. सुरुंगाची तार रस्त्याला जिथून येऊन मिळते, तिथे ती आडवी सापडावी म्हणून. रस्त्यावर इंजिनिअर्सचे जवान मोऱ्या आणि नव्याने उकरलेली माती तपासतात. ठरावीक अंतरावर चौक्या बसतात, मग काफिला जातो, आणि संध्याकाळी सगळे परत. वीस किलोमीटरच्या रस्त्यात जवळपास एक पलटण खपते, आणि त्या दिवशी ती पलटण दुसरं काही करत नाही. चूक नेहमी एकाच ठिकाणी व्हायची: वेळ आणि जागा ठरून जायच्या. तीच मोरी, तोच चहाचा थांबा, परतीची तीच वाट. घात बहुधा परतीच्या वाटेवर व्हायचा, कारण माणसं दमलेली असतात.

२५ नोव्हेंबर १९८७ ची चकमक याच जातीची. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, जाफना भागातल्या कंतरोडाई इथे शस्त्रसाठ्याच्या खबरीवरून रात्रभर झडती घेऊन परतत होते. झडतीत काही सापडलं नव्हतं. परतीच्या वाटेवर पथकावर हल्ला झाला. परमेश्वरन यांनी घात लावलेल्यांना मागून वळसा घालून गाठलं. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला मारलं. या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. महार रेजिमेंट आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी या युद्धात होत्या, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांतल्या घरांत 'शांतिसेना' हा शब्द अजून ऐकू येतो.

१९८८ मध्ये मुल्लैतीवूच्या जंगलात मोठ्या मोहिमा झाल्या. तळ सापडले, उद्ध्वस्त झाले, पुन्हा उभे राहिले. आश्चर्य याचं वाटायला नको. लिट्टेचे जखमी पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत उपचार घेत होते. औषधं आणि इंधन तिकडूनच येत होतं. सगळ्यात अरुंद जागी ते अंतर तीसेक किलोमीटर आहे. एकाच देशाची फौज ज्यांच्याशी लढतेय, त्यांचा पुरवठा त्याच देशाच्या किनाऱ्यावरून चाललाय, हे जगाच्या लष्करी इतिहासात क्वचितच घडलं असेल.

हुकूम कोणाचा

कोलंबोत उच्चायुक्त जे. एन. दीक्षित, दिल्लीत पंतप्रधानांभोवतीचा गट, सेना मुख्यालय, मद्रासचं पुढचं मुख्यालय आणि गुप्तचर यंत्रणा, असे पाच ठिकाणांहून आवाज येत होते. हवाईदल आणि नौदल आपापल्या कमांडकडून आदेश घेत होते. हरकिरतसिंग यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं, की सप्टेंबर १९८७ मध्ये वाटाघाटीला येणाऱ्या प्रभाकरनला मारायची सूचना आपल्याला दीक्षितांकडून मिळाली आणि पांढऱ्या निशाणाखाली आलेल्याला मारणार नाही म्हणून आपण ती नाकारली. ते जसंच्या तसं मानायचं की नाही, ते बाजूला ठेवू. डिव्हिजन कमांडरला राजदूताकडून तोंडी हुकूम येऊ शकतो अशी रचना असणं, एवढंच पुरे आहे. हरकिरतसिंग १९८८ च्या सुरुवातीला बदलले गेले आणि पुढे लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट यांनी सूत्रं घेतली. तोवर कामात शिस्त आली होती, उद्दिष्ट मात्र धूसरच होतं. लढाई चालू असताना गुप्तचर यंत्रणा लिट्टेशी बोलतही होती आणि तिच्या विरोधी गटांना शस्त्रंही देत होती.

गुप्तचरांचा अंदाज होता, की ही आपणच शिकवलेली पोरं, दोन-चार दिवसांत नमतील. शिकवलेल्याला शिकवणाऱ्याच्या पद्धती ठाऊक असतात, हा त्याचा दुसरा अर्थ कोणी काढला नाही.

यजमानाने दार दाखवलं

नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतात निवडणुका झाल्या. लिट्टेच्या विरोधातल्या ईपीआरएलएफ या तमिळ गटाचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. त्यांच्या संरक्षणासाठी भारताच्या मदतीने उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मी बरीचशी घरातून ओढून आणलेल्या तरुणांची होती. इकडे दक्षिणेत भारतीय सैन्याच्या उपस्थितीचं भांडवल करून जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाने रक्तरंजित उठाव केला. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले प्रेमदासा भारतीय फौज घालवण्याचं आश्वासन देऊनच निवडून आले होते. १ जूनला त्यांनी जाहीर केलं, की २९ जुलैपर्यंत सगळे परत जा. त्याच काळात त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रं पुरवली. हे पुढे कोलंबोतच उघड झालं. म्हणजे ज्या सरकारच्या निमंत्रणावरून फौज बसली होती, त्याच सरकारची शस्त्रं तिच्याविरुद्ध वापरली जात होती. परिशिष्टातल्या कलमात निमंत्रण होतं. ते मागे घेतलं तर काय, याबद्दल शब्द नव्हता.

सप्टेंबर १९८९ मध्ये परतीचं वेळापत्रक ठरलं. डिसेंबरात दिल्लीत व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं आणि माघार वेगाने झाली. फौज मागे सरकेल तसतशी तमिळ नॅशनल आर्मी कोसळत गेली आणि तिची शस्त्रं लिट्टेकडे गेली. शेवटची जहाजं मद्रासला लागली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. जून १९९० मध्ये लिट्टेने श्रीलंकेशी पुन्हा युद्ध सुरू केलं, त्याच महिन्यात ईपीआरएलएफच्या पद्मनाभा यांना सहकाऱ्यांसह मद्रासमध्ये मारलं. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या केली आणि १ मे १९९३ रोजी प्रेमदासांची.

करारातलं पूर्वेकडचं सार्वमत कधी झालं नाही. २००६ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रांतांचं विलीनीकरण रद्द ठरवलं. प्रांतिक परिषदा देणारी तेरावी घटनादुरुस्ती अजून आहे, पण पोलीस आणि जमीन हे अधिकार प्रत्यक्षात प्रांतांना पुरते मिळालेले नाहीत.

त्याच काळातली मालदीवची मोहीम

जाफना चालू असतानाच, ३ नोव्हेंबर १९८८ रोजी, मालदीवमध्ये भाडोत्री हल्लेखोरांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला. गंमत म्हणजे हे हल्लेखोर प्लोट या श्रीलंकन तमिळ गटाचे होते. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून निघालेली आयएल-७६ विमानं पॅराशूट ब्रिगेडच्या जवानांना घेऊन राजधानी मालेजवळच्या हुलहुले धावपट्टीवर उतरली. ती धावपट्टी हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेली नव्हती, आणि हे आधी खातरजमा करून घेतलं होतं. माले काही तासांत सुरक्षित झालं. ओलिसांना घेऊन पळणारं जहाज आयएनएस गोदावरीने समुद्रात गाठलं. बहुतेक फौज थोड्याच दिवसांत परत आली, एक छोटी तुकडी वर्षभर राहिली.

ही तुलना श्रीलंकेवर थोडी अन्यायकारक आहे. मालदीव चिमुकलं, हल्लेखोर मूठभर आणि परके, त्यांच्यामागे जनता नाही. पण निमंत्रण निर्विवाद होतं, शत्रू कोण ते ठाऊक होतं आणि काम संपलं हे कशावरून ओळखायचं तेही ठाऊक होतं.

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने इराकच्या उत्तर भागासाठी भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन मागितली तेव्हा दिल्लीत होकाराच्या बाजूने वजनदार मंडळी होती. पण या वेळी प्रश्न आधी विचारले गेले. फौज कोणाच्या हुकमाखाली राहील, कोणत्या जनादेशाखाली, इराकी लोकांना ती हवी आहे का, आणि किती काळ? उत्तरं द्यायला जूनमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याचं पथक दिल्लीला येऊन गेलं. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने निर्णय दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट जनादेश असेल तर विचार करू, आत्ता फौज जाणार नाही.